एकच रेणू होता

मित्रांनो, नांदेडच्या एका महाविद्यालयात, जीवरसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत, खिडकीजवळच्या टेबलाखाली धुळीनं राखाडी झालेला एक काळा डबा आहे. तो मी. मी एक जुना संगणक आहे. हैदराबादहून खोक्यात बसून आलो, तेव्हा माझ्याइतका वेगवान गडी त्या इमारतीत दुसरा नव्हता. प्रयोगशाळेचे प्रमुख गुरुपादप्पा सर मूळचे देगलूरकडचे. त्यांनी नारळ फोडून मला कुंकू लावलं. त्यातलं थोडं अजून माझ्या पंख्याच्या जाळीत आहे.

मला डोळे नाहीत. पण समोर बसलेल्याची बोटं मला कळतात, आणि माइक लावलेला असला की बोलणंही ऐकू येतं. सगळ्यात जास्त बोटं ओळखीची झाली ती उज्वलाची. नायगावजवळच्या खेड्यातली ही मुलगी सरांकडे पीएच.डी. करायला आली होती. ती अर्धापूरची केळी आणायची, त्यांतून एक प्रथिन वेगळं काढायची आणि थेंबाथेंबात त्याचे स्फटिक वाढवायची. साखरेच्या कणाहून बारीक ते स्फटिक दूरच्या एका मोठ्या यंत्रावर जात. तिथं त्यांच्यावर क्ष-किरण सोडत. किरण कुठं किती उजळले त्याचे आकडे माझ्याकडे येत, आणि त्या आकड्यांतून मी रेणूचं चित्र उभं करायचो.

आता एक गोष्ट समजून घ्या. स्फटिकात रेणू फरशीसारखे एकाला एक लागून बसलेले असतात. दारातली रांगोळी अर्धा फेरा फिरवली तरी कधीकधी तशीच दिसते ना? त्याला सममिती म्हणतात. ती ओळखायची राहिली, तर एकाच नक्षीचे दोन भाग आपण दोन वेगळ्या नक्ष्या समजून बसतो.

उज्वलाच्या चित्रात दोन रेणू दिसले. एकाचा हातासारखा बाहेर आलेला भाग उघडा, दुसऱ्याचा मिटलेला. प्रथिन काम करताना हात कसा हलवतं, तेच आपण पकडलं, असं सरांना वाटलं. लेख छापून आला. उज्वलाचे वडील शेषेराव गावात ज्याला त्याला थांबवून सांगत, "माझ्या पोरीनं केळ्यातला हात शोधलाय. उघडतो बी अन् मिटतो बी!" उज्वला हे सरांना सांगताना इतकी हसली की तिच्या हातून कळफलकावर भलतीच अक्षरं उमटली.

पोळ्याच्या आधी शेषेराव रानातच छातीत कळ येऊन गेले.

तेरावं झालं आणि उज्वला परत आली. तिची बोटं मी ओळखली, पण ती पहिल्यासारखी नव्हती. एक कळ दाबायची, थांबायची, दुसरी दाबायची. कुणी चहा ठेवला तर पीत असे, नाही ठेवला तर मागत नसे. एकदा मैत्रीण तनुजा म्हणाली, "उज्वला, एकदा मोकळी रड बाई." ती म्हणाली, "येत न्हाई गं. आत काहीच हालत न्हाई."

सरांनी तिला हलकं काम दिलं. प्रबंधाला जोडायची सममितीची तपासणी राहिली होती. लेखाच्या घाईत ती वरवरच झाली होती. उज्वलानं आज्ञा दिली. मी सगळे आकडे अर्धा फेरा फिरवले आणि मूळ आकड्यांच्या शेजारी मांडले.

ते जुळले. थोडेफार नव्हे, चांगलेच जुळले.

म्हणजे रेणू दोन नव्हतेच. एकच होता, फिरून पुन्हा आलेला. मग एक हात उघडा आणि एक मिटलेला कसा? हाताच्या जागी चित्र फार फिकं होतं. तिथं उज्वलानं एकीकडे असा आणि दुसरीकडे तसा हात अंदाजानं बसवला होता. बघणाऱ्यांनाही तेच दिसत गेलं.

तिनं तपासणी पुन्हा लावली. पुन्हा तेच. पडद्यावरची ती खिडकी बंद करायला एक कळ पुरे होती. तो जुना लेख उकरून बघायला कुणी येणार नव्हतं.

तिनं टेबलावर फोन ठेवून, स्पीकर चालू करून घरी लावला. पलीकडून तिच्या आईचा, केवळाबाईंचा आवाज आला.

"जेवलीस का?"

"माय, ते हात खोटं निघालं."

"कोन्तं हात?"

"बाबा सांगत होते ते. केळ्यातलं. तसं काही न्हाई. मी चुकले."

केवळाबाई म्हणाल्या, "चुकलं तर चुकलं म्हनून सांग."

"पन बाबानं सगळ्या गावाला सांगितलंय."

"तुझ्या बापाला वळखत न्हाईस का? असता तर सगळ्यांला पुन्हा गाठून सांगितला असता, चुकलं म्हनून. तेवढंच बोलायला निमित्त."

उज्वला हसली नाही, रडली नाही. फोन ठेवून ती सरांना बोलावून घेऊन आली.

सरांनी आकडे पाहिले. पुढच्या महिन्यात ते याच रेणूवर परिषदेत बोलणार होते. ते म्हणाले, "तू सांगितलं नसतं तर मला कळलं नसतं, उज्वला."

"मला कळलं होतं ना सर."

सर खुर्चीत बसले. "लई दिवसांनी वाटलं होतं, आपल्या हातून काही तरी झालं," ते हळूच म्हणाले. मग खुर्ची टेबलाशी ओढत म्हणाले, "पत्र मी लिहितो. लेख मागं घेऊ. नाव आधी माझं घालतो, तुझं नंतर."

लेख मागं घेतला गेला. काहींनी कौतुक केलं, काहींनी पाठीमागं हसून घेतलं. प्रबंध लांबला. सर परिषदेला गेले नाहीत.

उज्वलानं सगळं पहिल्यापासून मांडलं, या वेळी एकच रेणू धरून. मी पुष्कळ तापलो, माझा पंखा घरघरत राहिला. एका दुपारी चित्र उभं राहिलं. फिकं होतं ते आता ठळक झालं. हात होता. उघडा नाही, मिटलेला नाही. रेणूच्या अंगाला टेकून स्वस्थ पडलेला. मोठा शोध नव्हता. पण खरा होता.

तिची बोटं थांबली. आणि ती मोठ्यानं म्हणाली, "बाबा, हे बघा!"

सवयीनं म्हणाली. मग तिला कळलं की बघायला कुणी नाही. तेव्हा, इतक्या महिन्यांनी, ती रडली. कळफलकावर डोकं ठेवून रडली. माझ्या पडद्यावर एकच अक्षर पानभर उमटत गेलं. मी ते उमटू दिलं.

मित्रांनो, आता उज्वला लातूरच्या एका महाविद्यालयात शिकवते. सर निवृत्त झाले. माझ्या जागी नवा, चपळ संगणक आला. माझी वायर काढलेली आहे, वर कुणी तरी जुने कागद रचलेत. त्याचं मला फार वाटत नाही. थंड पडून राहायची सवय होते.

एवढंच सांगतो. जे सापडल्यानं तुम्हाला फार आनंद झाला, ते एकदा फिरवून बघा. चुकलेलं निघालं तर ज्यांना ज्यांना सांगितलं, त्यांना पुन्हा जाऊन सांगा. आणि जमलंच, तर जाता जाता माझ्या जाळीवरची धूळ तेवढी झटका.