दौलतच्या नावाचं रक्त

डॉक्टर मृणालीने कागद फिरवून दौलतसमोर धरला आणि एका आकड्याखाली पेनाने रेघ ओढली.

"काका, साखर या वेळी आटोक्यात आहे. पण ही तपासणी नवीन आहे. हृदयावर ताण आला की रक्तात हा घटक वाढतो, छाती दुखायच्या कितीतरी आधी. तुमचा चौपट आलाय."

दौलतने टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली, पुन्हा घातली.

"जिना चढताना धाप लागते? पाय सुजतात?"

"न्हाय," तो म्हणाला. ते खरंच होतं.

"उद्या सकाळी या, पुढच्या तपासण्या करू. तोवर ओझं उचलायचं नाही."

ओझं म्हटल्याबरोबर दौलत उठलाच.

रक्त त्याचं नव्हतं. पंधरा दिवसांपूर्वी आपलं दवाखान्याचं कार्ड देऊन त्याने धाकट्या भावाला, राघोला रक्त द्यायला पाठवलं होतं. लेकीची, क्षितिजाची हळद तोंडावर आलेली. त्याआधी वाईट काही कानी पडायला नको. राघोला कसला आलाय रोग? कागद चांगला येईल, तपासून घे म्हणून रोज मागे लागणारी थोरली बहीण आक्का पाठ सोडेल. दोघे भाऊ एका ठशाचे. सुई टोचणाऱ्याने मान वर करूनही पाहिलं नव्हतं.

रिक्षा कल्याण नाक्यावर तुंबली तसा तो उतरून चालू लागला. रस्त्याच्या दोन्ही अंगांनी कापडाचे यंत्रमाग धडधडत होते. एखादा मध्येच थांबला की त्याचंही पाऊल अडे. तो सुरू झाला की दौलत आणखी भरभर चाले.

राघो कारखान्यामागे टेम्पो भरत होता. पाठीवर कापडाची गाठ.

"राघो, ठेव ती खाली."

"का शेठ? आज मुकादम होऊन आलास?"

"ठेव बोलतो ना."

राघोने गाठ टेम्पोच्या फळीवर टेकवली आणि तिलाच रेलून उभा राहिला, हवा त्याहून जरा जास्तच वेळ.

वाटभर जुळवलेलं दौलतला काही आठवेना.

"कागद आला. मी तुला उगाच पाठवला, राघो. चुकला माजा. त्या रगतात..."

राघोने चपलेतून पाय बाहेर काढला. पट्ट्याचा वळ सुजलेल्या पावलात खोल रुतला होता.

"किती आला?"

काय निघालं, हे त्याने विचारलंच नाही.

"तुला म्हाईत व्हतं?"

"दोन म्हयनं झालं, जिना चढताना मधीच बसतो. तू कार्ड दिलंस, मना बरंच वाटलं. माज्या नावानं गेलो असतो तं हळदीच्या घरात रडारड झाली असती. तुज्या नावानं कायबी निघूंदे, आक्का तुलाच वरडनार. तुला सवय हाय."

दौलतला हसू आलं.

"उद्या सकाली माज्यासंगं चल. खरं नाव सांगू."

"येतो. पन तुजा रगत कोन देनार?"

पुढून ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. दौलतने बाही कोपरापर्यंत सारली आणि फळीवरची गाठ आत ढकलायला वाकला. राघोने त्याचं मनगट धरलं.

"तू बी नको," तो म्हणाला.