अर्धा सूर वर

तिसऱ्यांदाही आवाज त्याच जागी फाटला, तेव्हा गायकाने मायक्रोफोन स्टँडला अडकवला आणि शर्टाच्या टोकाने चष्मा पुसायला घेतला. चष्मा स्वच्छच होता. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलेल्या त्याच्या बायकोला त्या पुसण्याचा अर्थ चांगला ठाऊक होता.

"पुन्हा घेऊ या का, काका?" दातांच्या डॉक्टरने गिटारवर हात ठेवत विचारलं.

"पुन्हा काय घेताय? माणूसच बदलून घ्या. शनिवारी तूच गा, छान गातोस. मी पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजवतो."

डॉक्टरच्या दवाखान्यामागची ही खोली, भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या. रविवारी दवाखाना बंद असला की इथे रॉक वाजायचं. गिटारवर डॉक्टर, ड्रमवर गणिताच्या बाई आणि बेसवर पाण्याचे पंप विकणारा एक अबोल गृहस्थ. तिघेही चाळिशी ओलांडलेले. स्वतःचं एकही गाणं त्यांनी कधी केलं नव्हतं आणि त्याची त्यांना खंतही नव्हती. दुसऱ्यांची गाणी जिवापाड वाजवायची, एवढाच त्यांचा नाद. त्यातही एक अल्बम त्यांना पहिल्या ठोक्यापासून शेवटच्या ठोक्यापर्यंत पाठ होता. तो या गायकाने सव्विसाव्या वर्षी तीन मित्रांबरोबर केलेला. बँड वर्षभरात फुटला, मित्र पांगले, अल्बम मात्र टिकला. आता चाळीस वर्षांनी तो नव्याने निघत होता. त्या निमित्ताने शनिवारी कार्यक्रम होता आणि त्यात या तिघांच्या साथीवर मूळ गायकाने एकच गाणं गायचं ठरलं होतं. शेवटी उंच स्वर लागतो ते. ज्यांना अल्बममधलं बाकी काही आठवत नाही, त्यांनाही तो स्वर आठवतो.

तो स्वर आता लागत नव्हता. पंधरा दिवस कोमट पाणी झालं, मध झाला, सकाळचं बोलणंही बंद झालं. घर इतकं शांत कधीच नव्हतं आणि बायकोला ती शांतता मुळीच मानवली नव्हती. काल रात्री जेवताना तो म्हणाला होता, "संपला गं आवाज." ताट पुढे सरकवून उठून गेला होता.

"आम्ही चहा घेऊन येतो," गणिताच्या बाई म्हणाल्या आणि दोघांना डोळ्यांनीच दटावून बाहेर घेऊन गेल्या.

बायको स्टुलावरून उठली. गेले आठ दिवस ती मनातल्या मनात हे वाक्य जुळवत होती. बाहेर आलं तेव्हा ते अगदीच साधं निघालं.

"अरे, तो स्वर तू कधी लावलाच नव्हतास."

गायक हसला. "बरं वाटावं म्हणून काहीही बोलू नकोस."

"मी होते ना तिथे."

होतीच ती तिथे, आणि आता तिने त्याला ते सांगून टाकलं. तेवीस वर्षांची होती, स्टुडिओत टेपचं मशीन सांभाळायची. शेवटच्या दुपारी स्टुडिओचा मालक मागे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "रेडिओवर बाकीची गाणी कशी झगझगीत वाजतात, हे बघ पेंगतंय. वेग वाढव जरा." तिने वेगाचं बटण किंचित फिरवलं. गाणं अर्धा सूर वर गेलं, वेळ पंधराएक सेकंद कमी झाला, आवाज कोवळा आणि धारदार झाला. तेव्हा सगळेच असं करायचे, त्यात खोटेपणा आहे असं कुणाच्या मनातही आलं नाही. रेकॉर्ड छापून आली, गायकाने डोळे मिटून ती ऐकली आणि विचारलं, "हा मी आहे?" त्याच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता, आणि एव्हाना तिचा जीव त्याच्यावर इतका जडला होता, की तिच्याने तोंड उघडवलं नाही. मग लग्न झालं, मुलं झाली, आणि दरवर्षी सांगणं आदल्या वर्षापेक्षा अवघड होत गेलं.

"आम्ही कार्यक्रमात गायचो की हे गाणं! लागायचा तेव्हा."

"तेव्हा तुम्ही चौघं आपल्या नेहमीच्या सुरात वाजवायचा. रेकॉर्ड लावून ताडून कोण बघणार? ही मंडळी रेकॉर्डवरूनच शिकली, म्हणून यांच्या गिटारी अर्धा सूर चढ्या आहेत. तुझा आवाज गेलेला नाही. त्या उंचीवर तो कधी नव्हताच."

तिने फोन काढला. अल्बमचं नवं मास्टर, म्हणजे छपाईची मूळ प्रत, बनवणाऱ्या मुलीने आठवड्यापूर्वी विचारलं होतं, "काकू, गाण्याच्या तळाशी अ‍ॅम्प्लिफायरची घरघर आहे. विजेची घरघर सेकंदाला पन्नास कंपनांवर असायला हवी, इथे त्रेपन्नावर आहे. टेप वेगात चालली होती का?" तिला खोटं सांगणं बायकोला जमलं नाही. मग त्या मुलीने वेग उतरवून एक प्रत पाठवली होती. कुठली छापायची ते सोमवारपर्यंत सांगायचं होतं. एके काळी रेकॉर्डवाल्यांना गाणं झगझगीत हवं होतं, मधली काही वर्षं दणदणीत हवं होतं, आता म्हणे खरं हवं! हेही त्याला सांगून बायकोने स्पीकरची वायर जोडली आणि गाणं लावलं.

आवाज भरून आला. जाडसर, सावकाश, थोडा थकलेला. शब्दांच्या मधला श्वास ऐकू येत होता. गायक उभ्याचा खाली बसला. शेवटची जागा आली, आवाज छातीतून वर चढला आणि टोकाला जाऊन जरा थरथरला.

"इथे हललोय मी."

"हललायस. वेगात ते झाकलं गेलं."

गाणं संपलं तरी तो स्पीकरकडेच बघत राहिला.

"नातवाला सांगितलंय मी," तो हळूच म्हणाला, "की या स्वराने स्टुडिओच्या काचा थरथरल्या म्हणून."

एरवी ती हसली असती. आत्ता तिने फक्त फोन खाली ठेवला.

"का नाही बोललीस?"

"भ्यायले. तुझा आनंद जाईल आणि मग फक्त माझ्यावरचा राग उरेल, असं वाटायचं."

तो उठला आणि बाहेर गेला. बायको वायर गुंडाळत बसली. अडतीस वर्षांच्या संसारात त्याने तिच्याकडे न बघता खोली सोडल्याचं तिला आठवेना. त्याचा आवाज वाचवायला निघाले आणि माणूस गमावून बसले, असं तिला वाटून गेलं. गुंडाळलेली वायर तिने सोडली आणि पुन्हा गुंडाळली.

दार उघडलं. तिघे चहा घेऊन आले, मागोमाग तो. एक पेला त्याने तिच्या हातात दिला आणि डॉक्टरकडे वळला.

"गिटारी अर्धा सूर खाली घ्या."

डॉक्टरचा चेहरा खुलला. "घेतो की काका! अहो, या वयात मोठमोठे गायकसुद्धा खाली घेतात, त्यात काय..."

"वयाचा काय संबंध? सव्विसाव्या वर्षीही मी तिथवर गेलो नव्हतो." त्याने बायकोकडे बोट केलं. "हिने नेलं होतं."

मग त्याने सगळं सांगितलं. बटणापासून त्रेपन्नापर्यंत, काही न लपवता. पंपवाला तर चहा प्यायचाच विसरला. गणिताच्या बाईंनी वेगाचा हिशेब मनातच करून मान डोलावली.

"म्हणजे वीस वर्षं आम्ही हुबेहूब वाजवतोय," डॉक्टर म्हणाला, "ते काकूंचं बटण?"

"तेच."

"मग सोमवारी त्या मुलीला काय कळवू?" बायकोने विचारलं. "उतरवलेलं छाप म्हणून?"

गायक गिटारींचं सुरात लागणं ऐकत होता. एकेक तार खाली येत होती.

"नको. लोकांकडे आहे ते तसंच राहू दे. ते तुझं आहे. माझं मी शनिवारी गातो."

त्याने मायक्रोफोन हातात घेतला, मग थांबला.

"आणि कव्हरवर ध्वनिमुद्रणापुढे त्या मालकाचं नाव आहे ना, ते काढायला सांग. तुझं टाक."

"एक बटण फिरवलं म्हणून?"

"लोकांना तेवढंच तर आठवतं," तो म्हणाला आणि गणिताच्या बाईंना मान हलवून गाणं सुरू करायची खूण केली.