वजाच्या चिन्हापुढची मोकळी जागा

ही गोष्ट कुणालाही सांगा, विश्वास बसायचा नाही. ज्यांच्यासमोर घडली त्यांचाही अजून पुरता बसलेला नाही.

रक्तपेढीच्या खोलीत ताई कॉम्प्युटरसमोर बसली होती आणि वरच्या मजल्यावर, ऑपरेशन थिएटरमध्ये, तिची वहिनी. वहिनीचा रक्तगट इतका दुर्मिळ, की पेढीच्या फ्रीजमध्ये त्याची एकही पिशवी नव्हती. दाता शोधायचा होता आणि शोध नुसताच फिरत होता. डेटाबेसमध्ये दाते किती? कुणी पहिल्यापासून नावं वाचायला घेतली, तर शेवटाला पोचेस्तोवर पहिल्याला नातवंडं व्हावीत. यंत्राचा पंखा असा घोंघावत होता, की खिडकीचा पडदा आडवा तरंगत होता आणि दारात उभ्या भावाचे केस मागे वळले होते.

"अगं, अजून किती?"

"दादा, तू डोळे वटारलेस म्हणून हे यंत्र घाबरून जोरात पळणार नाही. बस तिथे."



तिने शोध थांबवला आणि यंत्रालाच विचारलं, बाबा रे, तू शोधतोस तरी कसा? यंत्राने आपला बेत स्क्रीनवर मांडला. अख्खं टेबल, म्हणजे दात्यांची सगळी यादी, चाळतो. पहिली ओळ उचलतो, पुसतो, बघतो, ठेवतो. मग दुसरी. रक्तगटांची लावून ठेवलेली सूची शेजारीच होती, पण तिला त्याने हातही लावला नव्हता.

"पुसतो," ताई पुटपुटली. "पुसायला मीच सांगितलं होतं."

नोंदणीच्या खिडकीवरच्या बायकांची एक खोड होती. निगेटिव्ह गटापुढचं वजाचं चिन्ह कडेला चिकटून कुणाच्या नजरेतून सुटू नये, म्हणून त्या पुढे एक मोकळी जागा सोडत. फार काळजीवाल्या दोन. त्यामुळे दाते सापडेनात, तेव्हा ताईनेच शोधाला शिकवलं, की आधी जागा पूस, मग बघ. सूचीत मात्र गट जागेसकट लावलेले. पुसलेला गट तिथे मिळणार कसा? म्हणून बिचारं दारोदार फिरत होतं.

तिने पुसणं काढून टाकलं. गट जसेच्या तसे मागितले: जागा नसलेला, एक जागा असलेला, दोन असलेला. आणि कळ दाबली.

पंखा गप्प झाला. पडदा खाली आला. स्क्रीनवर एकच ओळ होती.

एवढ्या अफाट गर्दीतून, कुणालाही धक्का न लावता, यंत्राने नेमक्या एका जिवंत माणसाच्या खांद्यावर हात ठेवला होता. भाऊ मागे येऊन उभा राहिला. दोघांनी हात जोडले नव्हते एवढंच.

आणि कळेवरचं बोट ताई उचलते न उचलते, तोच जिन्यावर पावलं वाजली. दारात एक धिप्पाड गडी, बाही दंडापर्यंत सरसावलेली. "कुठे झोपू?" म्हणाला.

"आबा," त्या ऑपरेशनमधून बरी होऊन आता घरी वाटाणे सोलणारी वहिनी गोष्ट रंगवून सांगणाऱ्या सासऱ्यांना म्हणाली, "ताईंना फोन तरी लावू द्या. आणि तो नव्हता, ती होती. एवढीशी. परवाच तर आपल्याकडे जेवून गेली."