करवलीचा दिवा

दमयंतीने कऱ्ह्यावरचा दिवा पदराने पुसला, वात सारखी केली आणि तेलाची बुधली घ्यायला ती कोठीच्या दाराशी वाकली. आत मावशी कुणाशी तरी बोलत होती.

"करवली दमूच हवी बाई! तोंडभर देवीचे व्रण. ती मागे उभी राहिली की कुठलीही नवरी उजळते. आमची सुनीती तशी सावळीच."

बुधली हातातच राहिली.

बेलापूरच्या नात्यागोत्यात सहा वर्षांत सात लग्नं झाली, आणि सातही वेळा नवरीमागे कऱ्हा-दिवा घेऊन दमयंतीच उभी होती. तिचं स्वतःचं कुठे जमत नव्हतं. पण 'दमूशिवाय बोहला सुना' असं सगळे म्हणत आणि तिला ते खरंच वाटे. किती भोळी मेली! बोलावणं आलं की आठ दिवस आधीपासून जांभळं लुगडं काढून बघायची. आणि यांनी तिला उभं केलं होतं ते गालावरच्या तिटेसारखं! तिला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून स्वतःचाच राग आला.

ती माजघरात गेली. सुनीती मुंडावळ्या बांधून पाटावर बसली होती.

"सुनीती, माझं डोकं दुखतंय. आज दुसऱ्या कुणाला तरी उभं कर."

"मग मीही नाही उभी राहत."

"वेडी आहेस का? दिवा काय, कुणीही धरील."

"दिव्याचं कोण बोलतंय? विजयाने तिच्या लग्नानंतर सांगितलंय मला. अंतरपाट दूर होताना पाय लटपटतात, तेव्हा दमूताई हळूच पाठीला बोट लावते. पुष्पावतीही तेच म्हणाली. मी त्या बोटाच्या भरवशावर आहे, ताई."

दमयंती दिव्यात तेल घालायला वळली. ते बोट कुणाच्या ध्यानात राहिलं असेल, हे तिच्या मनातही नव्हतं.

गोरजमुहूर्ताला मांडवात अंधारून आलं. लढाईमुळे रॉकेल मिळेना, म्हणून गॅसबत्ती एकच, तीही वऱ्हाडाकडे. एरवी दमयंती दिवा नवरीच्या खांद्यापुढे धरायची आणि आपण अंधारात राहायची. आज तिने तो स्वतःच्या हनुवटीजवळ, दोघींच्या मध्ये धरला. समोरच्या बायका टक लावून बघू लागल्या. तिने मान खाली घातली नाही.

मावशी शेजारून पुटपुटली, "अगं, पुढे धर तो. नवरीच्या तोंडावर उजेड पडू दे."

"पडतोय की, मावशी. दोघींना पुरतोय."

शेवटचं मंगलाष्टक संपलं, अंतरपाट दूर झाला. सुनीतीचे खांदे थरथरले. दमयंतीने मोकळ्या हाताचं बोट तिच्या पाठीला लावलं, आणि या खेपेला ते जरा जास्त वेळ तिथेच ठेवलं.