खंडेनवमीची फायनल

नाशिकच्या त्या कॉलेजात कबड्डीला कप होते, खो-खोला होते, कुस्तीच्या कपांना तर ठेवायला जागा नव्हती. बास्केटबॉलला मात्र एकही नव्हता. एक्याण्णव साली रंगनाथ सर खेळाचे शिक्षक म्हणून रुजू झाले आणि त्यांनी हौसेने मुलांचा बास्केटबॉलचा संघ काढला. तेव्हापासून हा संघ दर वर्षी विद्यापीठाच्या विभागीय स्पर्धेला जायचा, पहिलीच मॅच हरायचा आणि येताना भेळ खाऊन यायचा. पुढे पुढे तर भेळवालाच विचारू लागला, "सर, यंदा कितीनं?" सर हसायचे, पण ते हसणं वरवरचं. एकदा, फक्त एकदा आपल्या पोरांच्या हातात कप बघायचा, एवढीच त्यांची इच्छा होती. आणि माणसाची इच्छा एवढीशीच असली की ती जास्त छळते, हे ज्याला माहीत नाही त्याने संघ काढूच नये.

पोरं सगळी मखमलाबाद, म्हसरूळ, मुंगसरे भागातली, भाजी-फुलांच्या मळ्यांतली. बाजार करून कॉलेजला यायची. अंगाने काटक, उंचीला बेताची. त्यात त्यांना एक खोड होती. कोबी टेम्पोत भरताना खालचा गडी गड्डा फेकतो आणि वरचा झेलतो. गड्डा खाली पडला की बापाची बोलणी खावी लागतात. लहानपणापासून हेच केलेलं, त्यामुळे हातात आलेली वस्तू मुद्दाम जमिनीवर आपटायची, हे त्यांच्या मनाला पटतच नसे. "अरे, टप्पा पाडत पुढे जा!" असं सर मैदानाच्या कडेने ओरडायचे आणि पोरं चेंडू पटकन दुसऱ्याच्या हातात देऊन मोकळी व्हायची. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. अठ्ठ्याण्णव साली शेवटी सरांनीच हात टेकले. म्हणाले, "नका पाडू टप्पा. पण मग इतक्या झपाट्यानं द्या, की समोरच्याला चेंडू कुणाकडे आहे तेच कळता कामा नये."

आणि काय सांगावं! संघ पहिली मॅच जिंकला. दुसरी जिंकला. सेमीफायनलला समोरचे उंच उंच गडी नुसते इकडून तिकडे माना फिरवत राहिले. सरांचा आनंद गगनात मावेना. पण त्याच संध्याकाळी फायनलची तारीख कळली, आणि सर मटकन खाली बसले. फायनल खंडेनवमीला होती. म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी.

ही तारीख ज्या कुणी काढली त्याने आयुष्यात झेंडू फक्त विकत घेतला असणार. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला काय कळायचं! झेंडूवाल्याचा वर्षभराचा जीव त्या एका संध्याकाळवर टांगलेला असतो. दसऱ्याची दुपार टळली की तेच फूल कुणी फुकटही नेत नाही. आणि संघातल्या बहुतेक सगळ्यांच्या घरी झेंडू होता.

सर स्वतः कळवणकडच्या शेतकऱ्याचे पोर. बाजार सोडून खेळायला या, असं म्हणायला त्यांची जीभ रेटेना. त्यांनी कॅप्टनला, वाल्मीकला, बोलावून घेतलं.

"वाल्मीक, आपण फायनल सोडून देऊ. घरचा माल आधी. आणि मी रागावलेलो नाही, बरं का."

वाल्मीकने मान खाली घातली. "मॅच दोनला हाय ना सर? बघतो," एवढंच बोलून तो गेला. आमच्याकडे 'बघतो' म्हणजे हो असतं आणि नाहीही असतं. सर घरी गेले आणि जेवले नाहीत.

खंडेनवमीच्या दुपारी सर चेंडूंची पिशवी घेऊन मैदानावर एकटे उभे होते. समोर इंजिनिअरिंग कॉलेजचा संघ पांढरेशुभ्र बूट घालून उड्या मारत होता. मैदानाभोवती त्यांच्याच पोरांची गर्दी. दोन वाजले. पाव तास वाट बघायची, नाहीतर समोरचा संघ विजयी, असा नियम. पंच घड्याळाकडे बघत होते आणि सर फाटकाकडे. सरांच्या तोंडचं पाणी पळालं.

तेवढ्यात टेम्पोचा हॉर्न वाजला. टेम्पो झेंडूच्या क्रेटांनी काठोकाठ भरलेला. क्रेटांवर संघ बसलेला, संघाच्या आजूबाजूला आया, मावश्या, चुलते. पुढे स्टिअरिंगवर वाल्मीकचे वडील, कारभारी. पोरांची बोटं फुलं तोडून तोडून हिरवीकाळी झाली होती.

"पहाटपासून तोडतोय सर," वाल्मीकने उडी मारली. "मॅच झाली की हितून परस्पर बाजारात."

सरांचा जीव भांड्यात पडला.

पहिला अर्धा भाग पोरांनी गाजवला. चेंडू असा हातोहात फिरला, की इंजिनिअरिंगवाले हात वर करून नुसते नाचत राहिले. शिट्टी वाजली तेव्हा आपला संघ अकरा गुणांनी पुढे होता. पोरं घाम पुसत मैदानाबाहेर आली.

आता या घरच्या मंडळींनी जन्मात बास्केटबॉल पाहिला नव्हता. शिट्टी वाजली, आपला आकडा मोठा, पोरं बाहेर आली. म्हणजे जिंकलो! वाल्मीकची आई, कुसाबाई, माळा घेऊन धावली. पहिली माळ तिने सरांच्याच गळ्यात घातली. सर संकोचले, पण त्यांना वाटलं, बाईला कौतुक आहे, घालू दे. ते तोंडावर पाणी मारायला नळाकडे गेले. पोरं टेम्पोत भाकरी होती ती खायला चढली. सगळी चढलेली बघून कारभारींनी टेम्पो सुरू केला आणि सोडला की हो बाजाराच्या वाटेला!

पोरं वरून टपावर धडाधड बुक्क्या मारू लागली. कारभारींना वाटलं, आनंद झालाय लेकरांना. त्यांनी आणखी दामटला.

सर तोंड पुसून वळले, तर संघ गायब! मग काय, गळ्यात झेंडूची माळ, तोंडात शिट्टी, असे सर भर रस्त्यातून टेम्पोमागे पळत सुटले. वळणावर एक म्हैस आडवी आली म्हणून बरं. म्हशीचे उपकार त्या कॉलेजाने कधी मानले नाहीत, ते निदान इथे मानून घेतो.

"कारभारीभाऊ... कुठं निघालात?"

"बाजारात! जिंकलो नव्हं?"

"अहो, अर्धीच झालीय मॅच! अजून तेवढंच खेळायचंय!"

"अगं बाई!" कुसाबाईने तोंडावर हात घेतला. "आन मी माळा घालून बसले!"

कारभारींचा चेहरा उतरला. ते एकदा उन्हाकडे बघत, एकदा फुलांकडे. "सर, माल उतरवायला, तोलायला पोरंच लागत्यात. उशीर झाला तर बसायला जागा नाय मिळायची."

सरांना ते पटत होतं, हाच तर त्रास होता. सात वर्षांचा घास हातातोंडाशी आला होता, पण तो दुसऱ्याच्या ताटातला होता. वाल्मीक बापाकडे बघत राहिला.

"बाजार बाजार काय लावलंय?" कुसाबाई एकदम म्हणाली. "मघाशी त्या मैदानावर केवढी माणसं व्हती! उद्या त्यांच्या घराला तोरण नाय लागत? गाड्यांना माळा नाय लागत? फिरवा टेम्पो!"

वळायला जागा नव्हती. टेम्पो उलटाच मागे आला, पंच शिट्टी तोंडात धरून उभेच होते.

दुसरा भाग म्हणजे मॅच आणि बाजार दोन्ही. एका कडेला सर ओरडत होते, दुसऱ्या कडेला "झेंडू घ्या, ताजा झेंडू!" पंचांनी दोनदा तंबी दिली आणि जाताना दोन किलो बांधून ठेवायला सांगितलं. पण पहाटेपासून वाकलेली पोरं दमत चालली. अकराचे पाच झाले, पाचाचे शून्य. शेवटच्या क्षणी वाल्मीक तिघांत अडकला. त्याने न बघताच चेंडू डोक्यावरून मागे फेकला. मागे आपल्याच संघातला ललित होता. त्याने झेलला आणि तसाच वर टाकला. चेंडू कड्यावर एकदा नाचला आणि आत पडला.

शिट्टी वाजली. या वेळी मंडळी जागची हलली नाहीत.

"सर, आता नक्की झालं?" कुसाबाईने लांबूनच विचारलं. "का अजून हाय काय?"

सरांनी 'झालं, झालं' अशी मान डोलावली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्यांना ते लपवायचंही नव्हतं.

बक्षीस द्यायला येणारे पाहुणे उशिरा आले. त्यांनी माइकवरून कॅप्टनला बोलावलं. कोणीच आलं नाही. टेम्पो केव्हाच बाजारात गेला होता. शेवटी सर एकटेच मंचावर चढले, गळ्यात माळ, आणि त्यांनी कप घेतला. फोटोवाला गोटीराम वैतागला. "अहो, संघाशिवाय कसला फोटो काढू?" सरांनी त्याला स्कूटरवर मागे बसवलं, कप त्याच्या मांडीवर दिला आणि गोदाकाठचा फुलबाजार गाठला.

पोरं बनियन-चड्डीच्या गणवेशातच झेंडूच्या ढिगामागे बसून विकत होती. सरांनी कप वाल्मीकच्या हातात ठेवला. बाजूची शेतकरीण उठून उभी राहिली, पलीकडचा कोथिंबीरवाला टाळ्या वाजवू लागला. गोटीरामने सगळ्यांना ढिगापुढे उभं केलं. "सर, मधी या. एकच शॉट राहिलाय रोलमधी!"

सर निघाले, तोच एक बाई पिशवी पुढे करून म्हणाली, "दादा, दोन किलो द्या, लवकर, रिक्षा थांबलीय."

काट्यावर कोणीच नव्हतं. सर काट्याकडे वळले, आणि गोटीरामने बटण दाबलं.

तो फोटो कॉलेजच्या जिमखान्यात आजही आहे. कप धरलेली पोरं हसताहेत, कुसाबाई कॅमेऱ्याकडे डोळे वटारून बघतेय, आणि कडेला तराजू धरलेला एक पाठमोरा माणूस आहे. नवी पोरं विचारतात, यात सर कुठे आहेत? मग सर त्या पाठीवर बोट ठेवतात आणि मोठ्या तोऱ्यात सांगतात, "हा मी. गिऱ्हाईक घाईत होतं."