न फाडलेली बाही

मित्रांनो, डोणी नदीकाठच्या काळ्या रानातून कधी गेलात, तर जोंधळ्यातल्या बुजगावण्यांच्या बाह्या आधी पाहा. उजवी बाही फाटलेली असेल तर खुशाल पुढं जा. दोन्ही बाह्या शाबूत दिसल्या, तर मात्र हाक मारू नका. मान हलल्यासारखी वाटली तर वाऱ्यानं हलली म्हणा आणि वाट धरा.

मी त्यांतलंच एक जुनं बुजगावणं आहे. माझी बाही फाटलेली आहे, तेव्हा भिऊ नका, बसा. अंगात पुरुषाचा सदरा आहे म्हणून मी स्वतःला 'तो' म्हणतो. खरं तर आधी मी मडकं होतो. माझं सगळं शहाणपण त्या मडक्यातलंच आहे.

कुंभारानं मला लग्नासाठी घडवलं. पांढऱ्या आणि तांबड्या रंगाच्या रेघा ओढल्या आणि वाजतगाजत मला गुरपादप्पाच्या मांडवात नेऊन ठेवलं. नवरी शंक्रव्वा माझ्याकडं बघत होती, कारण नवऱ्याकडं बघायची तिला लाज वाटत होती. लग्न झालं, मांडव उतरला, आणि मी स्वयंपाकघरात फळीवर बसलो. पोटात जोंधळ्याचं बी, समोर चूल, आणि चुलीपुढं त्या दोघांचा संसार.

मित्रांनो, फळीवर बसून संसार ऐकावा. गुरपादला बोलायचा फार नाद. जेवताना बोले, आंघोळ करताना बोले, झोपेतही भाषण देई. आणि दर जेवणाला त्याचं एक वाक्य ठरलेलं असे.

"चटणीत लसूण कमी आहे."

"तुमच्या आईनं लसणाच्या पेंढीत जन्म दिला वाटतं तुम्हाला!" शंक्रव्वा म्हणे. "खायचं तर खा, नाहीतर ताट काळ्याला घालते."

काळ्या म्हणजे त्यांचा कुत्रा. तो दारात बसून या भांडणाची वाट बघायचा, पण ताट कधी त्याला मिळालं नाही. गुरपाद बोलत बोलत सगळं संपवायचा.

मग गावात पंचायतीची निवडणूक आली आणि गुरपाद उभा राहिला. त्याला शिट्टीचं चिन्ह मिळालं. झालं! सकाळी शिट्टी, संध्याकाळी शिट्टी. चहा हवा असला तरी शिट्टी.

"मी बायको आहे का बस आहे?" शंक्रव्वा ओरडली. "रानात कणसं भरलीत, पाखरांचे थवे उतरतायत. धनी कुठं आहे तर मतं मागतोय!"

"अगं, निवडून आलो की रानाला बांधापर्यंत रस्ता करीन."

"रस्ता पाखरांना नको असतो!"

तो गेलाच. त्या रागात तिनं मला फळीवरून ओढलं, तेव्हा चुलीच्या कडेला आपटून माझा काठ फुटला. बी सुपात ओतून ती मला रानात घेऊन आली. एक काठी उभी, एक आडवी, वर मी. माझ्यावर कोळशानं डोळे आणि तोंड काढलं. मग घरच्या ट्रंकेतून आणलेला गुरपादचा लग्नातला सदरा तिनं मला घातला. इस्त्रीची घडीसुद्धा मोडली नव्हती.

शेजारच्या रानातून चन्नव्वा अज्जी काठी टेकत आली. त्या भागातलं सगळं जुनं तिला ठाऊक. शंक्रव्वाला ती 'तंगी' म्हणे, म्हणजे धाकटी बहीण.

"तंगी, उजवी बाही फाडलीस का?"

"बाही? ती कशाला, अज्जी?"

"जिवंत माणसाचा कपडा बुजगावण्याला घालताना बाही फाडायची असते. रानाला कळायला हवं हा धनी नव्हे म्हणून. रान आंधळं असतं, ते कपड्याच्या वासानं धनी ओळखतं."

"लग्नातला सदरा आहे, अज्जी. निवडणूक झाली की धुऊन परत ठेवीन. फाटका कसा ठेवू?"

अज्जी काठी टेकत निघाली. जाताना तिनं दोनदा मागं वळून बघितलं, आणि दुसऱ्यांदा जरा लगबगीनं चालू लागली.

पहिले काही दिवस माझी फार तारीफ झाली. पाखरं माझ्या रानावरून उडतच नसत, लांबून वळसा घालून जात. वाटसरू बांधावरून हात करून नमस्कार घालायचे.

"शरणु, गुरपादप्पा! निवडणूक सोडून राखणीला? शाब्बास! मत तुलाच!"

शंक्रव्वा पदर तोंडावर धरून हसायची. "बघा, बोलत नाही तोवर लोकांना आवडतात."

दुपारी ती माझ्या सावलीत शिदोरी सोडायची आणि मन मोकळं करायची. मी मध्ये बोलत नसे. बायकोचं बोलणं शेवटपर्यंत ऐकणारा नवरा तिला पहिल्यांदाच मिळाला होता. एक दिवस तिनं चेष्टेनं दुसऱ्या पानावर भाकरी वाढली आणि माझ्यापुढं ठेवली. जेवून हात धुवायला ती विहिरीवर गेली. परत येऊन बघते तर भाकरीचा एक घास कमी.

"मुंग्या असतील," ती म्हणाली. पण मुंग्यांनी तोडलेली भाकरी अशी अर्धगोल नसते, हे तिलाही माहीत होतं. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा दोन पानं वाढली. या वेळी हसली नाही.

मग काळ्या घरून आला आणि माझ्या पायाशी बसला. तो पुन्हा घरी गेला नाही. बैल औताला जुंपले की वळताना माझ्याकडं बघून वळायचे. आणि मला, मित्रांनो, तळव्यांना माती गार लागायला लागली. मला तळवे नाहीत.

सदरा ज्याचा, त्याच्या अंगावर जे गुदरे ते मला उभ्या उभ्या कळायचं. गुरपाद गावात बारीक होत चालला होता. ज्या रोजच्या सदऱ्याची बटणं पोटावर लागत नसत, तो अंगावर पोत्यासारखा लोंबायला लागला. दारात जाऊन तो हात जोडायचा आणि घरातली माणसं त्याच्या खांद्यावरून पलीकडं बघायची.

"कोण आलंय गं?"

"कुणी नाही. दार वाऱ्यानं उघडलं."

शिट्टीत तो जीव खाऊन फुंकायचा. नुसती हवा निघायची. त्याच वेळी इकडं रानात वारा पडलेला असताना माझ्या फुटक्या काठातून शिट्टी वाजायची, लांब आणि बारीक. जोंधळा त्या बाजूला कलायचा.

त्याच्याविरुद्ध उभा असलेला परसप्पा त्याला चावडीपाशी भेटला. परसप्पा थट्टेखोर माणूस, पण त्या दिवशी तो थट्टा करत नव्हता.

"गुरपादप्पाला निरोप सांग," तो गुरपादलाच म्हणाला. "म्हणावं, रानात उभं राहून मतं मिळवतोस, ही युक्ती मला सुचली नाही."

"अरे परश्या, मीच गुरपाद!"

"असशील बाबा," परसप्पा बाजूला सरकत म्हणाला. "पण आत्ताच मी त्याला बांधावर शरणु करून आलो. त्यानं मान हलवली."

तेव्हा गुरपाद भर दुपारी रानाकडं पळत आला. आम्ही समोरासमोर उभे राहिलो. त्याची सावली पायाशी इतकी फिकट पडली होती की ढेकळं तिच्यातून दिसत होती. माझी काळीकुट्ट होती.

"माझा सदरा दे," तो म्हणाला.

तो बांधावर पाय ठेवणार तेवढ्यात काळ्या उठला आणि दात विचकले. ज्या हातानं त्याला लहानपणी दूध पाजलं त्याच हातावर तो गुरगुरला. बैलांनी शिंगं खाली केली. गुरपाद मागं सरला. मला तेव्हा आनंद झाला की भीती वाटली, मडक्याला नीट सांगता येत नाही.

मतदानाच्या दिवशी तो शाळेत गेला. टेबलामागच्या बाईंनी सांगितलं, "गुरपादप्पांचं मत पडलं. सकाळीच येऊन गेले."

"अहो बाई, मी इथं उभा आहे!"

त्यानं खिशातून स्वतःचं पत्रक काढलं आणि त्यावरचा फोटो तोंडाशेजारी धरला. बाईंनी फोटो पाहिला, मग त्याला पाहिलं.

"हे चांगले भरल्या अंगाचे आहेत हो. सरका, रांग आहे."

मित्रांनो, मी कुठं गेलो नव्हतो. निदान मला तसं आठवत नाही. पण त्या सकाळी माझ्या काठीभोवतीची माती उकरलेली होती, आणि डाव्या बाहीतून डोकावणाऱ्या लाकडाच्या टोकावर शाईची रेघ होती.

दुसऱ्या दिवशी एळ्ळअमावास्या आली. आमच्याकडं त्या दिवशी गाव रिकामं होतं आणि रानं भरतात. घरचा धनी अन्न शिंपडत रानाला फेरी घालतो आणि 'हुल्लुलिग्यो' म्हणून ओरडतो. धनीण मागून पाणी शिंपडत 'चल्लांब्रिग्यो' म्हणते. त्याआधी धनीण धन्याला रानात पहिला घास भरवते. तो घास ज्याच्या तोंडी, त्याला काळी आई वर्षभर आपला मानते. एकदा मानलं की पुन्हा विचारत नाही.

शंक्रव्वा टोपली घेऊन आली. बाजरीची भाकरी, कडबू, भरीत, अंबाडीची भाजी, शेंगाचटणी. नवी हिरवी साडी नेसली होती. टोपली उतरवून ती माझ्याकडं बघत अगदी सहज म्हणाली, "अहो, उतरा आता. ऊन चढतंय."

ती चेष्टा करत नव्हती. रात्रभर गुरपाद घरी आला नव्हता आणि तिला ते खटकलंही नव्हतं, कारण तिच्या लेखी नवरा रानात होता. मला माझी काठी हलकी वाटली. एक पाय मातीतून सुटला.

तेवढ्यात बांधावर कुणीतरी येऊन उभं राहिलं. हडकलेला, डोळे खोल गेलेला माणूस. काळ्या गुरगुरला, पण शंक्रव्वानं त्याला गप्प केलं. अमावास्येला रानात आलेल्या माणसाला उपाशी पाठवत नाहीत, ओळखीचा असो नसो.

"या पाव्हणं. लांबून आलात वाटतं. बसा, चार घास खा."

गुरपाद बांध ओलांडून आत आला. बोलावल्यावर त्याला कुणी अडवू शकत नव्हतं. तो पानावर बसला. बायको समोर होती आणि ती त्याला 'पाव्हणं' म्हणत होती. आयुष्यभर बोलणाऱ्या त्या माणसाच्या तोंडून शब्द फुटेना. कसाबसा एक घास चटणीला लावून त्यानं तोंडात घातला.

शंक्रव्वा उठली. कडबूचा तुकडा मोडून तिनं माझ्या तोंडाशी नेला. कोळशानं काढलेलं तोंड, मित्रांनो, तुपाचा वास लागताच उघडायला लागलं.

मागून पुटपुटल्यासारखा आवाज आला.

"चटणीत लसूण कमी आहे."

"तुमच्या आईनं लसणाच्या पेंढीत..."

ती तिथंच थांबली. हातातला घास माझ्या ओठांपाशीच राहिला. सावकाश वळून तिनं पानावर बसलेल्या माणसाकडं पाहिलं. मग माझ्याकडं. मग पुन्हा त्याच्याकडं.

"काय म्हणालात?"

"मीठ बरोबर आहे," तो घाईघाईनं म्हणाला. डोळ्यांत पाणी होतं. "लसूणच तेवढा... दरवेळी सांगतो..."

शेजारच्या रानातून चन्नव्वा अज्जीची किंकाळी आली, "तंगी! बाही!"

शंक्रव्वानं घास पदरात टाकला आणि दोन्ही हातांनी माझी उजवी बाही धरली. लग्नातला सदरा, घट्ट विणीचा. पहिल्या हिसक्याला फाटेना. मी तिचं मनगट धरलं होतं. त्याचे वळ पुढं कितीतरी दिवस तिच्या हातावर होते आणि ती विचारणाऱ्यांना 'विहिरीचा दोर लागला' म्हणून सांगायची. दुसऱ्या हिसक्याला टर्रर्र आवाज झाला. माझा पाय मातीत बसला. काळ्या कुत्रा एकदम उठला, गुरपादला हुंगलं आणि लहान पिलासारखा केकाटत त्याच्या अंगावर पडला.

घास तिनं त्याला भरवला. आणि ओरडलीही त्याच्यावरच. "उठा आता! फेरी कोण घालणार, तुमचे मतदार?"

तो हुल्लुलिग्यो म्हणत पुढं, ती चल्लांब्रिग्यो म्हणत मागं. पाखरांचा एक थवा कितीतरी दिवसांनी माझ्या खांद्यावर येऊन बसला. संध्याकाळी अज्जीला ती म्हणाली, "चार दिवस बरं होतं हो, अज्जी, न बोलणारा नवरा." दोघी हसल्या. पण माझ्याकडं कुणी बघितलं नाही.

निकाल लागला. गुरपाद एका मतानं पडला. ते मत कुणाचं, याचा गावात अजून वाद चालतो. मला विचाराल तर मी सांगणार नाही. मत गुप्त असतं. एवढंच सांगतो, तो निवडून आला असता तर कायम गावातच राहिला असता, त्याचा दुसरा सदरा पुन्हा रानात आला असता, आणि बाई दरवेळी वेळेवर वळून बघतेच असं नाही.

आता मी जुना झालो आहे. रेघा धुऊन गेल्या, पाखरं माझ्या डोक्यात घरटं करतात. तरी एक मागणं आहे. घरातल्या माणसाची कटकट ऐकत जा, आणि त्याला उलट उत्तरही देत जा. उद्या तोंडावरून ओळख पटली नाही, तर त्यावरूनच पटेल. आणि कुणाचा जुना कपडा मला द्याल, तेव्हा हळहळू नका. बाही फाडूनच द्या.

उजवी फाटलेली आहे, ती तुम्ही पाहिलीतच. डावीकडच्या लाकडावरची शाईची रेघ मात्र इतके पावसाळे गेले, तरी गेलेली नाही.