पूर्वेकडे पाय

मिरजेच्या कबरस्थानात नानासोची जागा ठरलेली होती. भिंतीकडेच्या करंजाखाली, आणि तिला लागूनच रंगूबाईची. ईस्टरच्या पहाटे मंडळी मेणबत्त्या घेऊन तिथं जमली, की रंगूबाई त्या मोकळ्या जागेवर जाऊन उभी राहायची. घर बांधण्याआधी माणूस प्लॉटवर जाऊन उभा राहतो ना, तशी. शेवटचा कर्णा वाजेल, कबरी उघडतील, सगळे उठून बसतील आणि पूर्वेकडून येणारा प्रभू त्यांना समोर दिसेल. म्हणून तर तिथल्या सगळ्यांचे पाय पूर्वेला. ती उठेल तेव्हा शेजारी नानासो अंगावरची माती झटकत असेल, आणि ती म्हणेल, आवं, आधी केस तरी नीट करा.

इतकं सरळ ठरलेलं होतं, आणि त्या माणसानं मरता मरता ते मोडलं.

दवाखान्यात, पाळकसाहेबांच्या देखत, त्यानं मुलीचा हात धरला आणि म्हणाला, "प्रांजल, मला जतकडं न्या. आपल्या रानात. आईच्या शेजारी." रंगूबाईला वाटलं, तापात बोलतोय. तिनं कपाळावर ओलं फडकं ठेवलं. त्यानं ते बाजूला केलं आणि तेच परत सांगितलं, या वेळी बायकोकडे बघून. परवा गेला.

आता पेटी गाडीत मागं होती आणि रंगूबाई पुढं ड्रायव्हरशेजारी, मांडीवर पर्स घट्ट धरून. मिरज सुटली, ऊस संपला, बाभळी लागल्या. मागून प्रांजल म्हणाली, "आई, पाणी पी."

"नको. त्या रानात जाईस्तवर मला तहान लागायची न्हाई," रंगूबाई म्हणाली. "तिथलं पाणी मी पिऊन बघितलंय."

ते पाणी ती लग्नानंतर पहिल्यांदा प्यायली. रंगूबाईची आजी दुष्काळात पोर काखेत घेऊन मिशनच्या दारात आली होती. तेव्हापासून त्यांचं सगळं मिशनच्या आवारात. गुलमोहराची झाडं, संध्याकाळी चर्चमधून येणारा बाजाच्या पेटीचा सूर, रविवारच्या शाळेत मडमेनं भिंतीवर टांगलेलं कापडी चित्र. एका बाजूला बाग, दुसऱ्या बाजूला ज्वाळा, आणि ज्वाळांत हात वर केलेली माणसं. छोटी रंगू बागेकडे कमी आणि ज्वाळांकडेच जास्त बघायची. पुढं ती त्याच दवाखान्यात आया म्हणून लागली. तिथंच छातीच्या दुखण्यानं आलेला हा धनगराचा पोरगा बरा झाला, आणि मेंढरांकडे परत न जाता फाटकावर वॉचमन म्हणून राहिला. बाप्तिस्मा घेतला, लग्न केलं. नवी नवरी घेऊन रानात गेला, तर आईनं, धोंडुबाईनं, सुनेला खोपटाबाहेरच थांबवलं. ओंजळ करायला लावली आणि वरून पाणी ओतलं. तांब्या हाताला लागू दिला नाही.

बरं, एवढ्यावर भागलं असतं तरी रंगूबाई विसरली असती. पण म्हातारीच्या डोळ्यांचं ऑपरेशन मिरजेतच झालं. दोन्ही डोळ्यांवर पट्टी. आया कोण, तर रंगूबाई. म्हातारी तिच्या हातचं दूध रोज प्यायली, "कुनाची गं तू, हात लय मऊ हाय तुजा," असंसुद्धा म्हणाली. पट्टी सुटली, हात कुणाचा ते दिसलं, आणि तिनं भरली वाटी सगळ्या वॉर्डासमोर जमिनीवर उलटी केली. ते दूध रंगूबाईनंच पुसलं.

त्यामुळं म्हातारी मेली तेव्हा रंगूबाईच्या डोळ्याला पाणी आलं नाही. नानासो माती देऊन परत आला, चहाला बसला. रंगूबाई तांदूळ निवडत होती. त्यानं विचारलं, "रंगू, आई कुठं असंल गं आता?"

"प्रभूला न ओळखणारी माणसं जातात तिथं."

"म्हंजी कुठं?"

"आगीत," ती म्हणाली. ताटातून मान वर न करता.

नानासोनं चहा संपवला, कप विसळून पालथा घातला आणि कामावर गेला. तो विषय त्यानं पुन्हा काढला नाही. रंगूबाईला जे शिकवलं गेलं तेच तिनं सांगितलं होतं. तिला त्यात समाधान वाटलं होतं, हेही खरं, आणि ते तिला आजही वाटत होतं.

गाडी रानात वळली. समोर धोंडुबाईची दगडी समाधी, शेजारी मुरमाचा ताजा ढीग. या घराण्यात जाळत नाहीत, पुरतात. त्यामुळं खड्ड्याची कुणाला अडचण नव्हती. नानासोची धाकटी बहीण हरणाबाई डोक्यावर पदर घेऊन समाधीच्या पायरीवर बसली होती. नवरा सोडून ती तरुणपणीच माहेरी आली, तेव्हापासून हे रान तिचंच. तिचा मुलगा मल्हार जेसीबी धुवत होता.

रंगूबाई खड्ड्याच्या कडेला गेली आणि जागीच थांबली. खड्डा उत्तर-दक्षिण होता.

"हा कुणी काढला?"

"मी, मामी," मल्हार म्हणाला. "आजीला दिलंय तसाच. डोकं उत्तरंला."

"बुजवा. मला आडवा पाहिजे. पाय पूर्वेला."

"मामी, खाली पाषाण हाय. बकेटचं दोन दात मोडलं. आडवा घ्यायचा तर ब्रेकर आणाय लागंल, ते उद्याच्या आत व्हत न्हाई."

"मग उद्या."

हरणाबाई पायरीवरूनच म्हणाली, "उद्या काय, वयनी? माझा दादा काय टँकर हाय व्हय, उद्या न्हाईतर परवा आला तर चालतंय?"

"तुमी बोलू नका, वन्सं. माझा नवरा हाय तो."

"मिरजंत हुता तवा तुजा. हितं आला की आमचा."

पाळकसाहेब तरुण होते, घामाघूम झाले होते. ते मधे पडले. "रंगूबाई, दिशेचं एवढं मनावर घेऊ नका. प्रभू कुठल्याही दिशेला झोपलेल्याला उठवील."

रंगूबाई त्यांच्याकडे वळली. "आसं? मग आपल्या कबरस्थानात सगळी पूर्वेला पाय करून कशाला निजल्यात? माझा बाप, माझी आजी?"

"ती एक पद्धत आहे."

"पद्धत. आणि आग? ती पन पद्धतच का, साहेब? ते एकदा सांगा, म्हंजी मी इतकी वर्षं काय मानत आले ते मला कळंल."

पाळकसाहेबांनी पुस्तक या हातातून त्या हातात घेतलं. "न्याय प्रभूच्या हाती आहे," ते म्हणाले.

"हे तुमी नवीन सांगताय. तुमच्या आधीच्या साहेबांनी एवढा ढिला न्याय सांगितला न्हवता."

प्रांजलनं आईचा दंड धरला. तिनं तो सोडवून घेतला. ऊन चढलं होतं, पेटी बाभळीच्या विरळ सावलीत ठेवली होती, आणि चार भाऊबंद तिच्याभोवती उकिडवे बसून तमाशा बघावा तसे बघत होते. पेटीचंच त्यांना नवल वाटत होतं.

"वयनी," हरणाबाई म्हणाली, "दादानं हितं यायचं का मागितलं, तुला ठावं हाय का?"

"आईची सय आली आसंल. म्हाताऱ्या माणसाला येती."

"सय कसली. दिवाळीला आला हुता तवा हितंच बसला हुता, ह्या पायरीवर. मला म्हनला, हरणा, तुजी वयनी म्हनती आई आगीत हाय. आन मी वर जानार म्हनती."

रंगूबाईला चहाचा तो पालथा कप आठवला. म्हणजे तो विसरला नव्हता.

"मी म्हनलं, तिचं काय ऐकतूस. तर म्हनला, आगं तिच्या पुस्तकात हाय तसं. देव शेवटाला येतूय आन मेंढरं उजवीकडं, शेरडं डावीकडं काढतूय. मेंढरं आत, शेरडं आगीत. मी म्हनलं, शेरडानं काय घोडं मारलंय? तवा लय हसला. म्हनला, तेच की. रानात आपुन शेरडाच्या दुधावर जगलो, मेंढरात शेरडं घालूनच हिंडलो. वायलं काढनारा धनगर मी काय बघितला न्हाई."

"देव म्हंजी काय जतचा धनगर न्हवं," रंगूबाई म्हणाली. हे ती नवऱ्यालाही अनेकदा म्हणाली होती, जेवताना, हसत. आज हसू आलं नाही.

"आसंल न्हाईतर नसंल. मग त्यो हितं आडवा झाला, आईच्या बाजूला, धोतर मळवत. आन हात पसरून म्हनला, हरणा, मला असाच ठिवा. देव कितीबी मोठा आसंना, एका खड्ड्यातनं एक उचलायचं आन शेजारचं ठिवायचं, जड जाईल त्याला. मी आईचा हात धरून उठनार. सुटला तर दोघं हितंच."

मल्हारनं पाण्याचा पाइप बंद केला. रंगूबाई खड्ड्यात बघत होती. पश्चिमेच्या अंगाला म्हातारी. म्हणजे त्याच्या उजव्या हाताला. शेवटी उजवी बाजूसुद्धा तिनंच घेतली. सारा जन्म मिरजेत काढून, दर रविवारी शेजारी बसून, पेटीवर कापड चढवण्यापर्यंत सगळं करून, रंगूबाईच्या वाट्याला करंजाखालची एकटी जागा. कर्णा वाजल्यावर ती उठेल, शेजारी बघेल, तर तिथं परका कुणीतरी. आणि हा इकडं म्हातारीचा हात धरून आगीच्या तोंडाशी उभा. रडू यायला हवं होतं, पण डोकं तापलं.

"पेटी उतरवा," ती म्हणाली. "हाय त्या खड्ड्यात."

पाळकसाहेबांनी हुश्श केलं. भाऊबंद उठले. पेटी दोरावर खाली गेली, प्रार्थना झाली, रंगूबाईनं मूठभर मुरूम टाकला. हरणाबाईनं कमरेच्या पिशवीतून भंडारा काढून वरून उधळला, पिवळा, भसाभस. पाळकसाहेबांनी मान दुसरीकडे वळवली. रंगूबाईनं अडवलं नाही. ती खड्ड्याला वळसा घालून पूर्वेच्या अंगाला गेली आणि तिथं, उन्हात, साडी सावरत खाली बसली.

"तिथं कशाला बसलीस?" हरणाबाईनं विचारलं.

"ही जागा माझी. मल्हार, ऐकून ठेव. मला हितं आणायचं."

"ती जागा माझी हाय," हरणाबाई म्हणाली. "मी राखून ठिवलीया. माझ्या आईबाच्या रानात."

"तुमी पायथ्याला निजा. तुमाला काय कुठं जायाचं न्हाई, तुमाला कुठलीबी जागा चालती. मला उठायचंय."

"लय उठनारी आलीस. उठून काय करनार?"

"त्यांनी उजव्या हातानं आई धरावी. डावा हात माझ्याकडं. कर्णा वाजला की मी वढणार. मी रोज चार-चार पेशंट उचलून पलंगावर टाकलेत, वन्सं, माझा हात तुमी बघितलेला न्हाई."

"आन आई सुटली न्हाई तर?"

रंगूबाईनं समाधीकडे बघितलं. दगडावरचा शेंदूर उडाला होता, सरडा ऊन खात होता.

"न्हाई सुटली तर यावं लागंल तिला," ती म्हणाली. "माझ्याच हातानं. आन तवा डोळ्याला पट्टी नसंल. उघड्या डोळ्यानं, हात कुणाचा ते बघत बघत यावं लागंल."

पाळकसाहेबांनी तोंड उघडलं. असं कुठंही लिहिलेलं नाही, हे त्यांना सांगायचं असावं. त्यांनी रंगूबाईच्या तोंडाकडे बघितलं आणि पुस्तक मिटलं.

"आई झिंजाडून टाकंल तुजा हात," हरणाबाई म्हणाली. "वळखत न्हाईस तिला."

"टाकू दे की. मी परत धरीन."

हरणाबाई समाधीपाशी गेली, पितळी तांब्या घेतला, तिथल्या मडक्यात बुडवला आणि रंगूबाईसमोर मुरमावर आपटून ठेवला. पाणी थोडं सांडलं.

"घे. हितंच बसायचं आसंल तर पी. उन्हानं मेलीस तर आजच दुसरा खड्डा काढाय लागंल, आन पोराच्या बकेटला दात न्हाईत."

रंगूबाईनं तांब्या उचलला आणि तोंडाला लावून प्यायली, सगळा, काठ ओठांना लावून. हरणाबाईनं ते बघितलं. तांब्या परत घेतला, लुगड्याच्या पदरानं त्याचा काठ खसाखसा पुसला, आणि तेही रंगूबाईला दिसेल असं.

मल्हार जेसीबीवर चढला. "मामी, उठा जरा. मुरूम त्या अंगाला सांडंल."

"पलीकडनं टाक," रंगूबाई म्हणाली, आणि बसल्या जागी पाय लांब केले. पूर्वेला.